मानेवरचा मळ

आमच्या घराण्यात कुणालाच शुगर नव्हती. खुशाल कुणालाही विचारा. आजोबांचा पाय कुस्तीच्या दंगलीत गेला, मोठे काका उन्हाची लू लागून गेले, आणि बाबांना जी सारखी तहान लागायची ती उज्जैनच्या उन्हामुळे. आमच्याकडची माणसं मर्दानी कारणांनी आजारी पडायची आणि मर्दानी कारणांनीच मरायची. शुगर म्हणजे गादीवर लोळून मिठाई खाणाऱ्या शेठ लोकांचा आजार. आम्ही पहिलवान. आमचा काय संबंध?

आज मी हे दातओठ खात लिहितेय, पण तेव्हा माझाही यावर पक्का विश्वास होता. न ठेवून सांगते कुणाला? आमच्या घरात शंका घ्यायची तर मार खायची तयारी ठेवूनच घ्यावी लागे.

बाबा सरकारी शाळेत पी.टी.चे मास्तर होते. आमचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथेच राहिले, त्यामुळे घरात आम्ही मराठी बोलायचो. बाबांच्या शिव्या मात्र सगळ्या हिंदी. लाडाने बोलायचं तर मराठी, शिवी घालायची तर हिंदी, असा त्यांचा कायदा होता, आणि म्हणून आमच्याकडे हिंदीच जास्त ऐकू यायची. हातही तसाच सुटलेला. पोळी करपली की आईच्या पाठीत, परीक्षेत नंबर घसरला की माझ्या कानाखाली. दादाला तर कारणही लागत नसे. माझ्या या मोठ्या भावाला त्यांनी पहिलवान करायला काढलं होतं, आणि पहिलवान मार खाऊनच घडतो अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यांच्या वडलांनी त्यांना तसंच घडवलं होतं.

मीही काही गरीब गाय नव्हते. उलट बोलायची, ताट आपटायची, आणि जास्त मार खायची. आई म्हणायची, "बापावर गेलीयस मेली, रूप माझं घेतलंस आणि डोकं त्यांचं." हे ऐकलं की मला आणखीनच राग यायचा.

आखाडा रामघाटाच्या पुढे, नदीच्या कडेला होता. बाहेरून आणलेली लाल माती, तिच्यात तेल, हळद आणि ताक घालून मळलेली. त्या मातीवर बाबांचा देवापेक्षा जास्त विश्वास. मुरगळलं, माती लावा. खरचटलं, माती लावा. गळू झालं, ओली माती थापा. डॉक्टरकडे जाणारा पहिलवान त्यांच्या लेखी पहिलवानच नव्हे. स्वतः बाबांनी गुडघा गेल्यावर कुस्ती सोडली, सायकल जाऊन स्कूटर आली, आणि पोट असं सुटलं की बनियन वर चढायची. पण व्यायाम सुटला तरी खुराक सुटला नाही. सकाळी लोटाभर गरम दुधात जलेब्या कुस्करून, दुपारी तुपात भिजलेल्या पोळ्या, संध्याकाळी बदामाची ठंडाई. "दंगल नहीं लड़ते तो क्या, खून तो पहलवान का है," असं म्हणत ते मिशीवरचं दूध पुसायचे. मग पुन्हा माठाकडे. तांब्यामागून तांब्या पाणी.

दादा जन्मला तेव्हा एवढा मोठा होता की सुईण त्याला दोन हातांत धरून ओरडली होती, "बाई, हे पोर नव्हे, पहिलवान आणलास!" आई हे कौतुकाने सगळ्यांना सांगायची. बाळंतपणात मरता मरता वाचली होती ती, पण ते मागाहून, हळू आवाजात. बाबांनी त्याच दिवशी आखाड्यात जाऊन पेढे वाटले आणि पोराचं नशीब ठरवून टाकलं. पोराला कुणी विचारलं नाही. दादा स्वभावाने इतका मऊ की कॅरममध्ये समोरच्याची राणी हुकली तरी याला वाईट वाटायचं. अंगाने आडवा, पोटाने मोठा, आणि हसला की सगळं अंग हसायचं. असल्या माणसाला बाबांनी दुसऱ्यांच्या माना आवळायला पाठवलं.

आणि आता मानेचीच गोष्ट सांगते.

दादा मोठा होत गेला तसा त्याच्या मानेवर मागच्या बाजूने एक काळा पट्टा उमटला. जाडसर, मखमलीसारखा. काखेतही तसंच. आम्ही सगळ्यांनी एकच निदान केलं. आखाड्याची माती. नीट आंघोळ करत नाही, माती मुरली, मळ बसला. बाबांना तो पट्टा दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. "पहलवान का बेटा है कि सूअर का?" म्हणत ते त्याला मोरीत बसवायचे आणि आईच्या हातात काथ्या द्यायचे. घास म्हणजे घास. आई आधी बेसन लावायची, मग लिंबू, मग बाबांचा आवाज चढला की वजरी घ्यायची, टाचा घासायचा तो काळा खरबरीत दगड. दादा गुडघ्यांत डोकं घालून बसायचा. पाणी आधी मळकट यायचं, मग लाल. पट्टा तिथेच. आईचा हात थांबला की बाबा तिच्या हातातून वजरी हिसकून स्वतः घासायचे. एकदा इतकं घासलं की मानेची कातडी सोलून निघाली आणि आठवडाभर दादाला सदरा घालता येईना. वर पुन्हा माती थापली. औषध म्हणून.

"अगं, जात कसा नाही हा मळ!" आई रडत म्हणायची. मीही म्हणायची. अख्ख्या घराला पोराच्या मानेवर लिहिलेलं दिसत होतं आणि आम्ही ते वजरीने पुसत होतो. आठवलं की आजही माझी मूठ वळते.

तो काळच बाबांचं डोकं बिघडवणारा होता, हेही सांगायला हवं. घरोघरी केबल आली होती. टीव्हीवर चमकत्या चड्ड्या घातलेले परदेशी पहिलवान एकमेकांवर खुर्च्या फेकायचे आणि गल्लीतली पोरं त्यांची नावं पाठ करायची. फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळ मशीनवाली जिम निघाली, आखाड्यातली अर्धी पोरं तिकडे पळाली. गिरण्या बंद पडल्या होत्या, सरकारी नोकऱ्या आटल्या होत्या. जो तो म्हणायचा, आता सरकारच्या भरवशावर राहू नका. बाबांना मात्र एक दार उघडं दिसत होतं: खेळाच्या कोट्यातून पोलिसात भरती. दादाने नागपंचमीची दंगल मारली की त्याचं नाव वर जाणार, एका मोठ्या साहेबांचा शब्द होता. बस. घरात दुसरा विषय उरला नाही. दादाला वर्दी मिळणार, बाबांची मान वर होणार.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात दादा वाळायला लागला.

आधी आम्हाला बरंच वाटलं. पोट उतरलं, चेहरा निघाला. मग गालफडं बसली. मांड्यांचं मांस उतरलं, लंगोट ढिला पडायला लागला. पाणी प्यायचा आणि लघवीला जायचा, लघवीला जायचा आणि पाणी प्यायचा. माठापाशी बापलेक समोरासमोर यायचे, दोघांच्या हातात तांबे. ते बघून कुणालाच काही कळू नये? नाही कळलं. बाबा म्हणाले, "कामचोर है साला. खाया-पिया निकाल रहा है, कसरत के नाम पे मौत आती है।"

त्यांनी दोन उपाय सुरू केले. एक, खुराक वाढवला. दुधात जलेब्या दुप्पट, वर गूळ-तुपाचे लाडू, उसाचा रस. दादाच्या घशाखाली उतरेना तर नाक दाबून पाजलं. दोन, मार वाढवला. पहाटे आखाड्यात दंड-बैठका, तो थांबला की पोटरीवर कडुनिंबाची ओली फोक. घरी यायचा तेव्हा पोटऱ्यांवर वळ उठलेले असायचे. मी एकदा ती फोक बंबात घातली तर बाबांनी दुसऱ्या दिवशी कमरेचा पट्टा काढला. त्या दिवशी दादाच्या पाठीवर उठलेलं बक्कलाचं ठसठशीत निशाण मी तेल लावताना बघितलं, आणि म्हटलं, "दादा, तू त्यांच्यापेक्षा उंच आहेस. एकदा हात धर ना त्यांचा!" तो म्हणाला, "अगं, जोर नाही गं माझ्यात. खरंच सांगतो, हात वर होत नाही." मला वाटलं, भित्रा आहे मेला.

नागपंचमीच्या चार-सहा दिवस आधी त्याच्या काखेत गळू झालं. ताप भरला. आई म्हणाली, "अहो, डॉक्टरला दाखवू या." तिच्या तोंडावर तांब्या बसला. ओठ फाटला, आणि काखेत माती थापली गेली. विषय संपला.

दंगल बघायला बायका जात नसत. पण माझ्या एका मैत्रिणीच्या गच्चीवरून आखाडा दिसायचा, तिथे मी जाऊन बसले. ढोल वाजत होते, भोवती ही गर्दी. दादा मातीत उतरला तेव्हा मला तो ओळखूच आला नाही. एवढं मोठं हाड आणि त्यावर नुसतं लोंबतं कातडं. समोरचा पोरगा त्याच्या निम्मा होता. हात मिळवले, सलामी झाली, आणि त्या पोराने नुसतं खांद्याला खांदा लावला तर दादा भिंत खचावी तसा खाली बसला. उठलाच नाही.

लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. आणि बाबा मातीत शिरले. "उठ! उठ हरामखोर! बिक गया क्या?" म्हणत त्यांनी त्याच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी. त्यांना वाटलं, पोराने मुद्दाम कुस्ती सोडली. तिसऱ्या लाथेला दादाचं अंग नुसतं हललं, पोत्यासारखं, आणि तेव्हा हसणारे गप्प झाले. मी गच्चीवरून किंचाळत जिन्याने खाली धावले. अनवाणी. गर्दीत कोपरं मारत, शिव्या देत आत घुसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या मातीवर माझा पाय पडला, आणि मी तिच्यावर थुंकले. दादाचे डोळे अर्धे उघडे होते, श्वास खोल खोल चाललेला, आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास.

ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. आईला कुणीतरी घरून घेऊन आलं, फाटक्या ओठासकट. डॉक्टरीणबाई होत्या, बुटक्या, चष्मेवाल्या, आवाज मात्र असा की वॉर्डबॉय पळत सुटायचे. त्यांनी दादाचं तोंड हुंगलं, काखेतली माती काढायला सांगितली, रक्त घ्यायला लावलं. मग त्याला कुशीवर वळवताना त्यांना मान दिसली.

"ये कब से है?"

"मैल है," बाबा म्हणाले. "मैल है मैडम, अखाड़े की मिट्टी। नहाता नहीं ठीक से।"

बाईंनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि त्या पट्ट्यावरून जोर देऊन फिरवला. एकदा, दोनदा. मग तो बोळा बाबांच्या नाकासमोर धरला. पांढरा स्वच्छ.

"मिट्टी कहाँ है?" त्या म्हणाल्या. "ये चमड़ी है। अंदर इन्सुलिन गड़बड़ाता है तो कुछ लोगों में गर्दन ऐसी होती है। बरसों से चिल्ला रही है ये गर्दन। घर में किसको शुगर है?"

"किसी को नहीं."

"पिताजी? भाई?"

"कहा ना, किसी को नहीं। हमारा खानदान पहलवानों का है।"

"देखिए, लड़के की हालत खराब है. रात निकालेगा कि नहीं, मैं नहीं कह सकती। जो है, सच बोलिए।"

बाबा छाती काढून उभे. पोरगा आत मरायला टेकलेला, आणि हा माणूस छाती काढून उभा! मी आईकडे बघितलं. तिने पदराने ओठ पुसला आणि बोलायला लागली, बाईंकडे बघून, मराठीत. बाईंना कळतंय की नाही याची तिला पर्वा नव्हती.

"होती. ह्यांच्या वडलांना होती. मी नवी नवरी होते. मामंजी मोरीत जाऊन आले की तिथे मुंग्यांची रांग लागायची. मी कुणाला दिसायच्या आत पाणी ओतायची. त्यांचा पाय दंगलीत नाही गेला. अंगठ्याला काटा लागला, तो सडला, मग पाऊल सडलं, मग गुडघ्यापासून कापला. ती घाण मी धुवायची. भावजींनाही तीच होती, लू कसली आलीय! नणंदेचं लग्न मोडेल म्हणून सासूबाईंनी देवापुढे शपथ घातली मला. नणंदेला नातवंडं झाली, पण माझी शपथ काही सुटली नाही. आणि ह्यांनाही आहे. मोरी अजून मीच धुते."

बाबांचा हात उठला. भर दवाखान्यात, वॉर्डच्या दारात, डॉक्टरसमोर. आईच्या गालावर असा बसला की ती भिंतीवर आदळली.

आणि मग मी बाबांना मारलं. लोक आजही म्हणतात, ढकललं असेल, घाबरून हात लागला असेल. छे! दोन्ही हातांनी, छातीवर, सगळं अंग मागे घेऊन मारलं. त्यांनी मला मारलेलं सगळं त्यात होतं, दादाला मारलेलं होतं, आईचा ओठ होता. ते मागे बाकावर कोसळले आणि बाकासकट खाली गेले. एका पायातला कॅनव्हासचा बूट निघून लांब पडला. मला आजतागायत त्याचा पस्तावा झालेला नाही. विचारायला येऊ नका.

पण बूट निघाला आणि वॉर्डात वास पसरला. मोजा पायाला चिकटला होता. बाईंनी कात्रीने तो कापला. आत अंगठ्यापासून तळव्यापर्यंत हळद घातलेली लाल माती थापलेली होती, आणि माती उचलली तर खाली काळं पडलेलं मांस. आत हाड दिसत होतं. आई तोंडावर हात घेऊन खाली बसली.

"दुखता नहीं?" बाईंनी विचारलं.

"नहीं," बाबा म्हणाले. जमिनीवर पडल्या पडल्या, अजून गुर्मीत. "पहलवान को दर्द नहीं होता।"

"पहलवान को नहीं, शुगरवाले को नहीं होता," बाई ओरडल्या. "नस मर गई है पैर की! इसी को मर्दानगी समझ रहे थे?"

आईचं सगळं बोलणं त्यांना कळलं होतं. मग त्यांनी एकेकाला धरलं. बाबांचं रक्त घेतलं, आईचं घेतलं, माझंही. माझी वेणी बाजूला सारून मान उजेडाकडे वळवली आणि बोटाने चोळून बघितली. मी विचारलं, मला कशाला? तशा त्या थोड्या शांत झाल्या. म्हणाल्या, आजोबा, काका, बाप, भाऊ, एवढे सगळे तुझ्या मागे उभे आहेत, पोरी, तुला नाही तर कुणाला बघू? आईला विचारलं, हा जन्मला तेव्हा मोठा होता का? आईने ती सुईणीची गोष्ट सांगितली, पण या वेळी कौतुकाने नाही. बाई म्हणाल्या, एवढं मोठं बाळ म्हणजे गरोदरपणात तुमचीच साखर वाढलेली असणार, कुणी तपासली नाही. पुढे तुम्हालाही होऊ शकते आणि पोरालाही. रक्तातून येतं हे, पण रक्तातून आलं म्हणून झालंच पाहिजे असं नाही. पोट सुटलं, बसणं वाढलं, वर दूध-जलेबी, की त्याला आवतण. माहीत असतं तर या मुलाला लहानपणीच तपासलं असतं, जेवण बदललं असतं. तुम्ही तर त्याला शुगर पाजत होतात आणि वाळतोय म्हणून मारत होतात.

हे शेवटचं त्या बाबांकडे बघून बोलल्या. बाबांनी मान फिरवली. त्यांचा आकडा दादाच्या खालोखाल निघाला होता. आईचा काठावर होता. माझा तेव्हा ठीक होता. मी मात्र त्या दिवसापासून गोड दूध तोंडाला लावलेलं नाही आणि दर वर्षी रक्त दिल्याशिवाय राहिलेली नाही. कुणी डॉक्टर 'घरात कुणाला?' म्हणाला की मी आजोबांपासून सुरू करते, श्वास न घेता. ऐकणाऱ्याला वाटतं ही बाई भांडायलाच आलीय.

दादाने ती रात्र काढली. पुढचीही काढली. इन्सुलिन, सलाईन, काखेतल्या गळवाला चीर. आई त्याच्या उशापासून हलली नाही आणि मी दारापासून हलले नाही, कारण बाबांना आत येऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. बाबांच्या पायाची तीन बोटं कापून झाली होती. खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात होते. निरोप पाठवायचे, पोरगा कसा आहे. मी उत्तर पाठवायची नाही. आई चोरून पाठवायची.

दादा शुद्धीवर आला त्या दुपारी बाबा जिना चढून आले. कुणी आणलं नव्हतं. पायाला हे मोठं बँडेज, भिंतीला धरून, एकेका पायरीवर थांबत. दारात मी उभी होते. त्यांनी मला शिवी दिली नाही. त्यांचा चेहरा असा उतरला होता की मी बाजूला झाले. का झाले, माझं मलाच माहीत नाही.

ते खाटेपाशी जाऊन उभे राहिले. दादाने डोळे उघडले. दादाचे ओठ फुटले होते, आवाज खरबरीत निघाला.

"बाबा, मी कामचोरी करत नव्हतो. खरंच जोर येत नव्हता."

बाबांचा हात वर झाला.

आई किंचाळली. मी झेपावले. आणि दादाने, ज्याला अजून कूसही वळवता येत नव्हती त्या दादाने, दोन्ही हात झटकन डोक्यावर घेतले आणि गुडघे पोटाशी ओढले. सलाईनची सुई निसटली, चादरीवर रक्ताची चिळकांडी उडाली. पण बाबांचा हात उघडा होता. तो हात दादाच्या केसांपर्यंत पोहोचला होता आणि तिथेच अडला होता, कारण मध्ये दादाची मनगटं होती.

"अरे, मी... मी नुसता..." बाबा म्हणाले. मराठीत.

दादाने डोळे घट्ट मिटले होते. हातांच्या आडून तो म्हणाला, "तोंडावर नका मारू, बाबा."